मिल रिकामी फिरायची तेव्हा

२०२५ च्या जानेवारीत सलग नऊ दिवस मी तूर न टाकता माझी दालमिल चालवली. सकाळी आठला शेड उघडायचं, मेन स्विच वर करायचा, पट्टा फिरायला लागला की पोत्यांच्या थप्पीला टेकून बसायचं. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातलं, घरं जेमतेम अडीचशे. मिलचा आवाज पार मारुतीच्या पारापर्यंत जातो. तो बंद पडला असता तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं की बाई बुडाली. म्हणून रोलर फिरत होते, मीटर पळत होतं आणि मी बसून होते.

तूर शेडमध्ये होती. साठ क्विंटल. पण तिची डाळ केली की विकावी लागणार आणि विकली की तोटा कायमचा पक्का होणार. पोत्यात आहे तोवर तो झालेला नाही, असं मनाला वाटायचं. हे गणित चुकीचं आहे हे मला तेव्हाही कळत होतं. तरी पोत्याची शिवण उसवायला हात उठत नव्हता.

ही मिल आमच्या घरात आली २०२२ मध्ये. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं तयार केलेली मिनी दालमिल मी एका कृषी प्रदर्शनात पाहिली होती. लहानपणापासून आईला जात्यावर तूर भरडताना पाहिलेलं, त्यामुळे त्या यंत्रातून पिवळीजर्द डाळ पडताना पाहून मी तिथेच अर्धा तास उभी राहिले. केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना २०२० मध्ये सुरू झाली होती. तिच्यात खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळत होतं. आमचा खर्च शेडसकट १४ लाखांचा. त्यातले १ लाख ४० हजार स्वतःचे, बाकी बँकेचं कर्ज, तेही माझ्या नावावर. घरची सहा एकर शेती मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या नावावर आहे आणि ती हे पाहतात. मिल मात्र माझी. पाटीवर माझं नाव लिहिलं गेलं त्या दिवशी मी तीनदा शेडबाहेर जाऊन ते वाचून आले.

काम कष्टाचं, पण मला मनापासून आवडणारं. तूर चाळून लहानमोठी वेगळी करायची, रोलरवरून काढून सालाला ओरखडे पाडायचे, तेलाचा हात लावून रात्रभर ढीग झाकून ठेवायचा, मग ताडपत्रीवर उन्हात पसरायची. ऊन बरोबर लागलं की साल सुटतं, गोटा, म्हणजे सोललेला अख्खा दाणा निघतो, गोट्याची डाळ होते. क्विंटलभर तुरीतून आमच्याकडे ७२ ते ७५ किलो डाळ निघते. चुरी आणि टरफल ढोरांना जातं. घाई केली तर डाळ कमी आणि चुरी जास्त. पहिले दोन हंगाम हप्ते वेळेवर गेले आणि चार बायांना बारमाही काम मिळालं.

मग २०२४ चा उन्हाळा आला. तुरीचा भाव ११ हजारांच्या वर, कधी १२ हजारांच्या जवळ. दिवाळीपर्यंत १३ होणार असं जो तो सांगत होता, आणि मला ते पटलं, कारण मला भीती वाटत होती की नंतर तूर मिळणारच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मी सरासरी ११,३०० रुपयांनी १२० क्विंटल घेतली. काही दारव्ह्याच्या बाजारातून, काही गावातूनच. गावातले एक काका पैसे घेताना म्हणाले, "बाई, तुमच्या भावानं पोरीचं लग्न निंगलं." ते वाक्य मला आजही बोचत नाही. शेतकऱ्याच्या घरातली म्हणून मला तो भाव हवाच होता, मिलवाली म्हणून तो झेपणारा नव्हता. एकाच घरात, एकाच बाईच्या डोक्यात हे दोन्ही हिशेब चालू होते.

ऑक्टोबरपासून भाव उतरू लागला. मी म्हटलं, थांबू. डिसेंबर संपता संपता नवी तूर यायला लागली. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या तुरीवर शुल्क नव्हतंच, त्या सवलतीची मुदत जानेवारीत ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढली. हमीभाव ७,५५० रुपये होता आणि बाजारात तूर सात-साडेसात हजारांत चालली होती. त्यातच एका व्यापाऱ्यानं माझ्याकडून १८ क्विंटल डाळ उधारीवर उचलली होती, २ लाख ७९ हजारांची. त्याचा फोन आधी लागायचा आणि तो 'उद्या' म्हणायचा. नंतर लागेनासाच झाला.

बँकेच्या सीसी म्हणजे कॅश क्रेडिट खात्याचा, लागतील तसे पैसे उचलायच्या खात्याचा, एक नियम मला तोपर्यंत नुसता कागदावर माहीत होता. लिमिट आठ लाखांचं असलं तरी उचल मालाच्या किमतीवर ठरते. माझ्याकडे साठ क्विंटल उरली होती. नव्या भावानं तिची किंमत ४ लाख ३२ हजार, त्यातून २५ टक्के मार्जिन वजा केलं की उचल बसते सव्वातीन लाखांच्या आसपास. आणि मी ७ लाख ९० हजार उचलून बसले होते. मी नवीन एक रुपयाही घेतला नव्हता, तरी खातं मर्यादेच्या वर गेलं होतं. ९० दिवस असंच राहिलं की खातं थकीत, एनपीए. बँकेतून फोन आला की मी फोन तुरीच्या ढिगात खोचून ठेवायची, थरथर ऐकू येऊ नये म्हणून.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. आमच्या भागात पीक बुडालं तर त्याला शब्द आहेत. पाऊस आला नाही, बोंडअळी आली, भाव पडला. गाव येऊन ओट्यावर बसतं, कुणी चहा ठेवतं. सरकारलाही ते दुःख ओळखीचं आहे. २००६ चं पंतप्रधानांचं पॅकेज, २००८ ची कर्जमाफी, २०१७ ची, हे सगळं मामाजींना तारखेसकट पाठ आहे. कर्जमाफीनं शेतकऱ्याचं सगळं भागलं असं मी म्हणत नाही. यवतमाळ जिल्ह्यात वाढलेल्या बाईला ते सांगावं लागत नाही. माझ्या माहेरच्या गल्लीत दोन घरं तशी आहेत. पण मिल बुडाली तर तिला शब्द नाही. तिथे एकच वाक्य ऐकू येतं, "कोनं सांगतलं होतं एवढं कर्ज काढाले?" शेतातला तोटा दैवाचा, धंद्यातला तोटा स्वतःच्या शहाणपणाचा. मीही तसंच मानत होते. म्हणून कुणाला सांगितलं नाही. यांना नाही, आईला नाही, बचत गटातल्या बायांना तर नाहीच, कारण गटाचेही १ लाख २० हजार माझ्याकडे होते.

झोप आधी गेली. रात्री तीनला डोळा उघडायचा आणि आकडे सुरू व्हायचे. बँक, गट, भाऊ, तुरीवाले, परत बँक. प्रत्येक फेरीत बेरीज वाढलेली असायची. जेवण कमी झालं. एकदा भाजीत दोनदा मीठ पडलं आणि पोरगा म्हणाला, "आई, तू आजकाल ऐकतच नाहीस." छातीत दाटून यायचं म्हणून दारव्ह्याला जाऊन ईसीजीची पट्टी काढली, हृदय चांगलं निघालं. मला त्याचंही वाईट वाटलं. काही निघालं असतं तर निदान आजारी आहे असं सांगता आलं असतं. आणि एके रात्री असा विचार आला की मी नसले तर या घराचं ओझं उतरेल. विचार आला आणि सहज बसला, जसा घरचाच कुणी बसावा. तो इतका साधा वाटला याचीच मला नंतर सगळ्यात जास्त भीती वाटली.

आशाताई घरी आल्या त्या त्यांच्या सर्वेक्षणासाठी. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत २०१५ पासून शेतकरी कुटुंबांच्या मानसिक आरोग्यासाठी प्रेरणा प्रकल्प चालतो. त्यात आशा घरोघरी जाऊन विचारतात की झोप लागते का, भूक कशी आहे, कामात मन लागतं का, मरणाचे विचार येतात का. सासूबाई बाजूला तांदूळ निवडत होत्या. मी सगळ्याला चांगलं-चांगलं म्हटलं आणि शेवटच्या प्रश्नाला 'नाही' म्हणताना हसलेसुद्धा. त्यांनी लिहून घेतलं आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मिलवर आल्या. हातात फॉर्म नव्हता. पट्टा फिरत होता, रोलरवर एक दाणा नव्हता. त्यांनी ते पाहिलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वहिनी, काल घरी सासूबाई होत्या. आज कोनी नाही. आता सांगा."

मी सांगितलं. पूर्ण नाही, पण रात्रीच्या त्या विचाराचं सांगितलं. त्यांनी "असं नाही म्हणू व" असं म्हटलं नाही, देवाचं नाव घेतलं नाही, पोराकडे पाहा म्हणाल्या नाहीत. माझ्या मोबाईलमध्ये १४४१६ हा नंबर टाकून दिला. टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. "आताच लावा. मी बाहेर बसते," म्हणाल्या. मी स्विच बंद करायला उठले तर त्यांनी हात धरला. "राहू द्या चालू. कोनाले ऐकू नाही जाणार."

नऊ दिवस जो आवाज मी लपण्यासाठी काढत होते, त्याच्या आडोशाला बसून मी पहिल्यांदा मोकळं बोलले. पलीकडच्या बाईंना माझं नाव माहीत नव्हतं, मला त्यांचं नाही. चाळीस मिनिटं झाली असतील. त्यांनी दोनतीनदा नीट विचारलं की आज घरी सोबत कोण आहे, रात्री एकटं राहणार नाही ना. मग म्हणाल्या की हा आजार आहे, यावर उपचार आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकाराच्या ओपीडीत दाखवा. फोन ठेवला तेव्हा आशाताई बाहेर ताडपत्रीवर बसून माझ्या तुरीतले खडे वेचत होत्या.

यवतमाळला त्या माझ्याबरोबर आल्या. घरी सांगितलं, रक्त तपासायचं आहे. ओपीडीत रांग मोठी होती आणि मला वाटलं होतं तशी नव्हती. एक पोलीस, एक शाळामास्तर, सासूला घेऊन आलेली एक सून. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि स्पष्ट सांगितलं की फरक दिसायला दोन-तीन आठवडे लागतील, बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. बाजूच्या खोलीत समुपदेशक बाई होत्या. त्यांनी विचारलं, "रात्री जागून काय करता?" मी म्हटलं, मोजते. "किती होतात?" मला सांगता येईना. पंचवीस लाख, कधी तीस. त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी कागदावर लिहून आणा. एकेक नाव, त्यापुढे एकेक रक्कम. आणि लिहिताना घरातलं एक माणूस बाजूला असू द्या."

तो कागद लिहायला मला अकरा दिवस लागले. मिल टाकण्याचा प्रकल्प अहवाल मी चार दिवसांत केला होता.

शेवटी एका रात्री हे जेवून उठले तेव्हा मी पोराची वही घेतली आणि म्हटलं, थोडं बसा. मुदत कर्ज, अनुदान वजा जाता, ६ लाख ४०. सीसी ७ लाख ९०. माझ्या भावाचे २ लाख. गटाचे १ लाख २०. गावातल्या तीन तुरीवाल्यांचे ८५ हजार. यांनी बेरीज केली. १८ लाख ३५ हजार. मी परत केली. तेवढीच आली. रात्री तीनला तीस लाख असलेलं कर्ज कागदावर साडेअठरा लाखही नव्हतं. ते कमी होतं असं नाही, आमच्या घराला ते प्रचंडच आहे. पण त्याला काठ होता. हे खूप वेळ वहीकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता बोलतील. म्हणाले, "तीन महिने तू हे एकटीच घेऊन झोपत होती?" मग आत जाऊन मामाजींना उठवून घेऊन आले. मी अडवत होते.

मामाजींनी चष्मा लावून कागद वाचला. ऐंशीच्या घरातला माणूस. उभी हयात कापूस पेरला, बँकेच्या नोटिसा पाहिल्या. "मले काऊन नाही सांगतलं व?" एवढंच म्हणाले आणि बोटानं गावातल्या तीन नावांवर टेकवलं. "हे आधी. बँक थांबते, शेतकरी थांबू शकत नाही." दुसऱ्या दिवशी घरचा कापूस विकून त्यांनी स्वतः जाऊन तिघांचे पैसे दिले. कोणतं कर्ज आधी फेडायचं हा प्रश्न मी महिनाभर चघळत होते, तो त्यांनी मिनिटभरात सोडवला.

बँकेत आम्ही दोघं गेलो तेव्हा खातं वर गेल्याला ७१ दिवस झाले होते. साहेब बदलून नवीन आले होते. मी तो कागद त्यांच्यासमोर ठेवला, शेडमधल्या मालाचा खरा आकडा सांगितला, व्यापाऱ्याची उधारीही सांगितली. ते म्हणाले की ९० दिवसांच्या आत आलात म्हणून करता येण्यासारखं काही आहे. लहान उद्योग अडचणीत आला तर उद्योजकानं स्वतः अर्ज करावा, अशी रिझर्व्ह बँकेच्या नियमांत तरतूद आहे, ती मला त्या दिवशी कळली. अर्ज दिला. सव्वा महिना कागद फिरले. सीसीतली वरची रक्कम वेगळी काढून तिचे हप्ते पाडले, मुदत कर्जाची मुदत वाढवली. व्याज वाढलंच. ते मी मान्य केलं. फोन ढिगात खोचून ठेवण्याचे जे दिवस गेले, ते मात्र फुकट गेले. ज्यांचं खातं असं वर गेलं आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की बँकेचा पहिला फोन उचला. पहिल्या महिन्यात जेवढे रस्ते असतात तेवढे तिसऱ्यात उरत नाहीत.

मग पोती उसवली. पहिलं पोतं उसवताना हात कापत होते, तेव्हा गटातल्या दोघीजणी न बोलावता आल्या होत्या. मी गटात उभी राहून आकडा सांगितला होता, त्यानंतरची ही गोष्ट. मला वाटलं होतं तोंड फिरवतील. एकीनं तिथेच सांगितलं की तिची शिलाई मशीन आठ महिन्यांपासून सावकाराकडे आहे. दुसरीनं सांगितलं की पापडाच्या ऑर्डरीत तिचे तीस हजार अडकले आहेत. आम्ही सगळ्या दर आठवड्याला एका ओसरीत बसत होतो आणि प्रत्येकीच्या पदराला एकेक आकडा बांधलेला होता.

साठ क्विंटलची ४४ क्विंटल डाळ निघाली. १०,८०० च्या आसपास विकली गेली. तोटा पक्का झाला. त्या रात्री मी सलग सहा तास झोपले. गोळ्याही चालू होत्याच, त्यामुळे श्रेय कशाला द्यायचं ते मी ठरवत बसत नाही.

आता मी साठा करत नाही. शेतकरी आपली तूर आणतात, मी डाळ करून देते, किलोमागे आठ रुपये मजुरी. चुरी-टरफल त्यांचं ते घरी नेतात. २०२५ च्या हंगामात १७० क्विंटल झाली. भाव चढो की उतरो, माझी मजुरी तीच. त्याच्या जोडीला यवतमाळच्या चाळीसेक घरांना पाच-पाच किलोच्या पिशव्या जातात. हप्ता निघतो, उरत फार काही नाही. त्या व्यापाऱ्याचे पैसे आले नाहीत, वकिलाची नोटीस गेली आहे. गोळ्या डॉक्टरांनी दहा महिन्यांनी हळूहळू कमी करत थांबवल्या. कधीकधी तीनला जाग येते अजून. तेव्हा यांना उठवते. आधी बिचारे दचकायचे, आता नुसतं "किती?" विचारतात आणि मी वहीतला आकडा सांगते. मागच्या आठवड्यात तो १४ लाख ६० हजार होता.

परवा दुपारी शेजारच्या गावचा एक पोरगा मिलवर आला. त्याचं कोंबड्यांचं शेड आहे हे मला माहीत होतं. गाडी लावली, आत आला, थप्पीपाशी उभा राहिला. मी विचारलं, "तूर कुठे आहे रे?" म्हणाला, "तूर नाही आणली, काकू." आणि खाली पाहत राहिला. दोन्ही हात रिकामे, खिशात फोन थरथरत होता, तो उचलत नव्हता.

मी बायांना चहाला पाठवलं, त्याला पोत्यावर बसवलं आणि मेन स्विच वर केला.